तळघरातली वायरिंग: काँक्रीटच्या भिंतीवर पॉइंट कसे काढायचे

जून उजाडला की एक ठरलेला फोन येतो. "खाली प्लगमध्ये काही लावलं की वरची सगळी लाइट जाते." खाली म्हणजे तळघरात. पुण्यातले पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे बंगले. तळघर तेव्हा अडगळीसाठी ठेवलेलं, त्यामुळे जिन्याच्या तोंडाशी एक बल्ब आणि एक प्लग एवढाच थाट. पुढे मुलाचा संगणक खाली गेला, वॉशिंग मशीन गेलं, कुणी तबल्याच्या रियाजाची खोली केली आणि कुणीतरी त्या एकाच प्लगवरून केसिंग पट्टीतून सहा पॉइंट ओढले. आठ महिने सगळं सुरळीत. मग भिंत ओली होते.

मी गेलो की पहिली विनंती असते, "ते ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) काढून टाका हो, सारखं पडतं." म्हणजे जे उपकरण जीव वाचवायला धडपडतंय, त्यालाच घराबाहेर काढायचं! तळघरात आधी पाण्याचा विचार करायचा, मग विजेचा. पुढची सगळी कामं त्याच क्रमाने सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. नवी सर्किट काढणं किंवा जुन्या वायरिंगमध्ये भर घालणं हे कायद्याने परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचं काम आहे. डीबीत, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या स्विचच्या पेटीत, हात घालणं, जोडणी आणि चाचणी त्याच्याकडूनच करून घ्या आणि शेवटी टेस्ट रिपोर्ट मागून घ्या. पण भिंत तपासणं, जागा ठरवणं, लोडचा हिशोब, मालाची निवड हे तुम्ही करू शकता. पाइप बसवायलाही मदत करू शकता. मुख्य म्हणजे त्याने केलेलं काम बरोबर आहे की नाही, हे तुम्हाला कळायला हवं.

आधी भिंत वाचा

तळघरात दोन जातीच्या भिंती असतात. मातीला टेकलेली असते ती आरसीसीची रिटेनिंग वॉल, आणि आतल्या खोल्या पाडणारी असते ती विटांची किंवा ब्लॉकची. बोटाने ठोकून फरक कळतो. नाही कळला तर बांधकामाचा नकाशा काढा. विटांच्या भिंतीत झिरी मारून पाइप आत घालता येतो. आरसीसीची भिंत, कॉलम आणि बीम यांत झिरी मारायची नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. त्यांच्या गजांवर काँक्रीटचं आवरण असतं जेमतेम इंच-दीड इंचाचं. 20 मिलिमीटरचा पाइप लपवायला तेवढंच खोदावं लागतं, म्हणजे गज उघडा पडतो. मग त्याला गंज चढतो, गंजलेला गज फुगतो, काँक्रीट फुटतं आणि त्या फटीतून पाणी आत येतं. शिवाय पुण्यात अशा तळघरांना बाहेरून शहाबादी लाद्यांचं बॉक्स वॉटरप्रूफिंग केलेलं असतं. आतून आरपार गेलेलं एक भोक ते सगळं काम वाया घालवतं. म्हणून रिटेनिंग वॉलवर सगळं काम उघडं, पाइप भिंतीच्या वरून. दिसायला कारखान्यासारखं दिसतं खरं. तळघरात मला तेच बरं वाटतं, कारण जे दिसतं ते दुरुस्त करता येतं.

आता ओल. भिंतीवर पांढरा लोणा आला असेल, रंगाचे पोपडे सुटले असतील तर पाणी बाहेरून झिरपतंय. शंका असेल तर फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब दिसले तर झिरप आहे. खोलीच्या बाजूने कागद ओला असेल तर तो हवेतला दमटपणा गार भिंतीवर साचतोय. झिरप असेल तर आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा; एक पावसाळा थांबावं लागलं तरी चालेल. नुसता दमटपणा असेल तर वायरिंग करायला हरकत नाही, मात्र पंख्याची किंवा हवा बाहेर फेकणाऱ्या एक्झॉस्टची सोय त्याच कामात धरा.

लोड आणि सर्किट

एका ठरावीक तळघराचा हिशोब मांडतो: 20 बाय 15 फुटांची खोली. पाणी तापवणारं वॉशिंग मशीन 2000 वॉट, संगणक आणि प्रिंटर 500, हवेतली ओल शोषणारं यंत्र 400, पाणी उपसायचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप 700, दिवे 150. बेरीज 3750 वॉट. पुढेमागे दीड टनाचा एसी लागेल म्हणून आणखी 1700. झाले 5450. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे साधारण 24 अँपिअर. सगळं एकदम चालत नाही, तरी वरच्या डीबीतून खाली येणारी मुख्य वायर 6 चौरस मिलिमीटरची आणि तिच्यावर 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, धरला की निश्चिंती. त्याआधी महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किती छापलाय ते बघा. घरातलं एकूण लोड त्याच्यावर जात असेल तर आधी भार वाढवून घ्या.

तळघराला स्वतःची छोटी डीबी द्या, पण ती तळघरात बसवू नका. जिन्याच्या वरच्या तोंडाशी, तळमजल्यावर बसवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा घराघरांत शिरला. अशा रात्री खालची वीज बंद करायला कुणी गुडघाभर पाण्यात उतरायची वेळ येता कामा नये. दोन पोलचा आयसोलेटर वरच हाताशी हवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा.

सर्किट चार करा. दिवे आणि पंखा: 1.5 चौरस मिलिमीटरची वायर, 6 अँपिअरचा एमसीबी. साधे 6 अँपिअरचे प्लग: 2.5 ची वायर, 10 अँपिअर. वॉशिंग मशीनसाठी 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट: 2.5 चालते, मी 4 घालतो, 16 अँपिअरचा एमसीबी. पंप: 2.5 ची वायर, 10 अँपिअर, सी कर्व्ह (कर्व्ह म्हणजे एमसीबी किती पट करंटवर लगेच पडतो त्याची जात). पंप सुरू होताना चालत्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढतो. बी कर्व्हचा एमसीबी तिपटीपासूनच पडू शकतो, सी कर्व्हचा पाचपटीच्या आत लगेच पडत नाही. एसी आला की त्याचं पाचवं सर्किट. डीबीत जागा आत्ताच सोडा.

लांब अंतराची भीती अनेकांना वाटते, ती या मापाच्या घरात फारशी खरी नाही. 2.5 च्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण 8 ओहम. 20 मीटर लांब प्लगवर पूर्ण 16 अँपिअर ओढले तरी जाऊन-येऊन पाच व्होल्टच्या आसपास घट, म्हणजे सव्वादोन टक्के. चालतं.

वायर घेताना मात्र हात आखडू नका. नुसती आग न धरणारी साधी एफआर नको. कमी धूर करणारी एफआरएलएस किंवा हॅलोजन नसलेली एचएफएफआर घ्या. आग लागली तर तळघरात धुराला बाहेर पडायला वाट नसते, आणि माणूस ज्वाळेआधी धुराने पडतो. 90 मीटरच्या बंडलामागे थोडे पैसे जास्त जातात, बस.

ईएलसीबी का, आणि अर्थिंग पुरेसं का नाही

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. लोक म्हणतात, "आमचं अर्थिंग उत्तम आहे, करंट लागणारच नाही." समजा वॉशिंग मशीनच्या बॉडीला फेज चिकटली. करंट अर्थच्या वायरीतून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जातो. या सगळ्या वाटेचा रोध मिळून 10 ओहम धरू. हा चांगला आकडा झाला. 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्या करंटवर तासभरसुद्धा तग धरू शकतो! तोवर मशीनच्या पत्र्यावर घातक व्होल्टेज, आणि तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी. एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही.

माणसासाठी आहे तो 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. दुकानात आणि बोलण्यात अजून त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत तोलत असतो; 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत तोडतो. 100 मिलिअँपिअरचा कुणी स्वस्तात दिला तर घेऊ नका. तो आगीसाठी ठीक, माणसासाठी नाही.

सगळ्या तळघराला एकच आरसीसीबी लावला तर वॉशिंग मशीन बिघडल्यावर पंपही बंद आणि दिवेही. पाणी चढतंय आणि अंधार! म्हणून प्रत्येक सर्किटला आरसीबीओ लावा, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डब्यात. खर्च वाचवायचा असेल तर निदान पंपाला वेगळा. पंपाच्या आरसीबीओच्या पुढे वीज गेली की वाजणारा बॅटरीचा बझर बसवला तर रात्री झोप लागते.

अर्थिंगही हवंच. जीआय पाइपचं नवं इलेक्ट्रोड घालायचं तर ते बंगल्याच्या बाहेर, मोकळ्या ओलसर जमिनीत. तळघराच्या फरशीत भोक पाडून नव्हे. मापताना 5 ओहमच्या आत आलं तर समाधान मानतो.

आखणी

खडू, सूत आणि ओळंबा घ्या. प्लगची उंची फरशीपासून चार फूट ठेवा. वर खोलीत आपण फूटभरावर ठेवतो, खाली नको. पाणी शिरलं तर पहिले ते बुडतात, आणि नाही शिरलं तरी फरशीजवळची भिंतच सगळ्यात ओली असते. वॉशिंग मशीनचा पॉइंट नळाच्या वर किंवा खाली न येता बाजूला घ्या. पाइप वरून, स्लॅबच्या कडेने आडवे फिरवा आणि प्रत्येक पॉइंटला उभे खाली उतरवा. तिरपा पाइप कधीच नाही; पुढे कुणी फ्रेम टांगायला खिळा मारतो तेव्हा पाइप सरळ रेषेत असेल हे गृहीत धरतो.

भोकं आणि पाइप

हॅमर ड्रिल, 6 मिलिमीटरचा काँक्रीटचा बिट, तितक्याच मापाची प्लास्टिकची गिट्टी, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. साधे लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून पाइप लोंबायला लागतो. बिटवर 35 मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, त्यापुढे जायचं नाही. मध्येच बिट अडला, आवाज बदलला, धुळीऐवजी चमक दिसली तर तो गज आहे. जोर लावू नका. इंचभर बाजूला सरका आणि जुनं भोक सिमेंटने बुजवा. धुळीतली सिलिका फुफ्फुसाला वाईट, आणि तळघरात ती खाली बसायला तास लागतात. एन-95 मास्क आणि चष्मा घालाच. कुणीतरी बाजूला व्हॅक्यूम धरला तर उत्तम.

पाइप पीव्हीसीचा, मध्यम किंवा जड दर्जाचा. पाइपावर एमएमएस किंवा एचएमएस छापलेलं असतं. एलएमएस लिहिलेला हलका पाइप दुकानदार आधी काढतो, परत ठेवायला सांगा. 25 मिलिमीटरचा घ्या. पुढे एखादी वायर वाढवायला जागा राहते. 20 मध्ये 2.5 च्या पाच वायरींपलीकडे मी जात नाही. एकूण पाइपाचं पोट 40 टक्क्यांहून जास्त भरू नये, नाहीतर वायर ओढताना सोलवटते आणि तापतेही.

सॅडल, म्हणजे पाइप भिंतीला धरणारी पट्टी, दर दोन फुटांवर, आणि भिंतीपासून पाइप जरा उचलून धरणारी, स्पेसर असलेली. त्या चार-पाच मिलिमीटरच्या फटीतून भिंतीवरचं पाणी पाइपामागून खाली निघून जातं, साचत नाही. बारीक गोष्ट आहे. दहापैकी नऊ ठिकाणी हीच केलेली नसते.

एक गंमत बघा. पावसाळ्यात वरच्या खोलीतली उबदार दमट हवा पाइपातून खाली येते, गार पाइपात तिचं पाणी होतं आणि ते थेंब थेट प्लगच्या बॉक्समध्ये टपकतात. भिंत कोरडी, पाइप कोरडा आणि बॉक्समध्ये पाणी! घरमालक प्लंबरला बोलावतो. उपाय दोन. जिथे पाइप वरून तळघरात शिरतो तिथे वायरी ओढून झाल्यावर तोंड सीलिंग पुट्टीने बंद करा. आणि पाइप बॉक्समध्ये शक्यतो बाजूने किंवा खालून घाला. वरून आणावा लागलाच तर बॉक्सच्या शेजारून खाली नेऊन, वळवून वर आणा, म्हणजे पाणी वळणाच्या तळाशी थांबेल. तिथे एक बारीक भोक पाडून ठेवा.

बॉक्स आणि प्लग

भिंतीवर बसणारे, झाकण असलेले आयपी-55 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) किंवा त्याहून वरच्या दर्जाचे बॉक्स घ्या. पाइप शिरतो तिथे रबरी ग्लँड, म्हणजे पाइपाभोवती घट्ट बसणारी कडी, लागते. नुसतं भोक पाडून पाइप खुपसला तर आयपी-55 फक्त डब्यावर छापलेलं राहतं. प्लग आयएसआय मार्कचे आणि शटरवाले.

वायर ओढणं आणि जोडणी

आता मेन बंद. वरची मुख्य डीबी बंद करून तिला कुलूप किंवा निदान "काम चालू आहे" असा मोठा कागद लावा. आजीबाई चहासाठी मिक्सर लावायला मेन चालू करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग वायर मेली आहे का ते मल्टीमीटरने बघा. आधी वीज असलेल्या प्लगवर (घरातली मेन बंद आहे, तेव्हा शेजारच्या घरातल्या) मीटर तपासा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा त्याच चालू प्लगवर. निऑनच्या टेस्टरवर जीव टाकू नका. कोरड्या चपलेत तो कधी पेटतो, कधी पेटत नाही.

लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. पाइपात जोड नाही, एकही नाही. जोड द्यायचाच तर जंक्शन बॉक्समध्ये कनेक्टर घालून. वायरी पिळून टेप गुंडाळण्याची जुनी सवय ओलीत चालत नाही, टेपचा गोंद सुटतो. प्रत्येक बॉक्समध्ये वीतभर वायर जास्त ठेवा. प्लग समोरून बघताना, अर्थचं मोठं भोक वर धरून, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. बटण नेहमी फेजवर. वायरीचं टोक सोलताना तांब्याचे दोन-चार धागे तुटले तर ते टोक कापून पुन्हा सोला.

न्यूट्रलबद्दल दोन शब्द, कारण नव्या आरसीबीओची निम्मी भांडणं इथली. प्रत्येक आरसीबीओची न्यूट्रल स्वतःची, त्याच्याच खालून निघालेली. दिव्यांची न्यूट्रल 'जवळ आहे' म्हणून प्लगच्या न्यूट्रलला जोडली की करंटमध्ये फरक दिसतो आणि आरसीबीओ पडतो. इन्व्हर्टर असलेल्या घरात तर हे ठरलेलंच. इन्व्हर्टरवाला येतो, फेज वेगळी ओढतो आणि न्यूट्रल घरातल्या कुठल्याही पट्टीवरून उचलतो. मग "ईएलसीबी खराब आहे" असा निकाल. खराब काही नसतं. तळघरातले दिवे इन्व्हर्टरवर घ्यायचे तर त्यांची न्यूट्रलही त्याच वाटेने परत गेली पाहिजे.

चालू करण्याआधीची चाचणी

कंत्राटदाराने मेगर (वायरीचं इन्सुलेशन मापणारं यंत्र) आणला नसेल तर काम पूर्ण झालं असं मानू नका. सगळी उपकरणं आणि एलईडी दिवे काढा, बटणं चालू ठेवा, मेन बंद. 500 व्होल्टच्या मेगरने फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मापायचं, मग फेज-न्यूट्रल आपसांत. 1 मेगओहम ही किमान रेषा झाली. नव्या वायरीत मला 20 च्या खाली दिसलं तरी मी कुठे वायर सोलली गेली ते शोधायला लागतो. जमलं तर हीच चाचणी जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा करून घ्या. एप्रिलमधला आकडा तळघराबद्दल फार काही सांगत नाही.

मग प्रत्येक प्लगच्या अर्थ पिनपासून डीबीतल्या अर्थ पट्टीपर्यंत सलगता, म्हणजे वायर मध्ये कुठे तुटलेली नाही ना, ते तपासायचं. मग वीज चालू करून आरसीबीओचं टेस्ट बटण. ते बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे यंत्र जिवंत आहे एवढंच कळतं. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटण काम करतं. अर्थिंगचा पुरावा वेगळाच घ्यावा लागतो, अर्थ टेस्टरने किंवा लूप टेस्टरने.

पंप

खड्डा तळघराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. पंपाची केबल अखंड, खड्ड्याच्या आत जोड नाही. प्लग चार फुटांवर, आणि पाण्याबरोबर वर येऊन पंप सुरू करणाऱ्या फ्लोटची दोरी कशात अडकत नाही ना ते हाताने वर उचलून बघा. वीज जाते तेव्हाच पाऊसही जोरात असतो, त्यामुळे पंप इन्व्हर्टरवर घेणं चांगलं, पण इन्व्हर्टर आणि बॅटरी वरच ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती बंद तळघरात नको. पेट्रोलचा जनरेटर तर तळघरात किंवा जिन्याच्या तोंडाशीही कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दरवर्षी मे महिन्यात

अर्धा तास पुरे. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, पंप आपोआप सुरू होतो का बघा. सगळ्या आरसीबीओंची टेस्ट बटणं दाबा. खरं तर ती महिन्यातून एकदा दाबायची असतात, पण कोण दाबतं? मेन बंद करून एक-दोन बॉक्सची झाकणं उघडा. आत हिरवट बुरशीसारखा थर तांब्यावर दिसला तर पाणी कुठून येतंय ते त्याच दिवशी शोधा. डीबीच्या झाकणाच्या आत कोणता आरसीबीओ कशाचा, ते मार्कर पेनने मराठीत लिहून ठेवा. वरच्या घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालाही, तो आयसोलेटर दाखवा आणि एकदा त्यांच्या हाताने बंद करायला लावा.